जेम्स ब्यूकॅनन ईड्स

जेम्स ब्यूकॅनन ईड्स (२३ मे, इ.स. १८२० – ८ मार्च, इ.स. १८८७) हे अमेरिकन अभियंते व संशोधक होते. सेंट लुइस येथे मिसिसिपी नदीवर त्यांनी बांधलेला पोलादी कमानींचा पूल प्रसिद्ध आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्याचा पाया अधिक महत्त्वाचा ठरला.

ईड्स यांचा जन्म इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथे झाला. इ.स. १८३३ मध्ये ते सेंट लुइसला आले. शालेय शिक्षण तेथेच थांबले. पुढील अभ्यास त्यांनी मालकाच्या ग्रंथसंग्रहातून केला. इ.स. १८४२ पासून त्यांनी बुडालेल्या बोटींतील माल काढण्याचा व्यवसाय केला. तळ उघडा असलेल्या डायव्हिंग बेलमध्ये बसून ते स्वतः नदीच्या तळाशी उतरत. पुराच्या वेळी तळाची वाळूही प्रवाहाबरोबर सरकते, हे त्यांनी तेथे अनुभवले. यादवी युद्धात त्यांनी उत्तरेच्या बाजूसाठी चिलखती नौका बांधल्या.

इ.स. १८६७ मध्ये ते या पुलाचे मुख्य अभियंता झाले. त्यापूर्वी त्यांनी एकही पूल बांधला नव्हता. सरकत्या वाळूवर भरवसा न ठेवता प्रत्येक खांब खडकावरच टेकला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. खडक मात्र फार खोल होता. त्यासाठी त्यांनी फ्रान्समध्ये पाहिलेली केसॉनची पद्धत स्वीकारली. केसॉन म्हणजे तळ उघडा असलेली प्रचंड पेटी. दाबाखालील हवेमुळे तिच्यात पाणी शिरत नाही. आत कामगार वाळू उपसतात, वर दगडी बांधकाम चढत जाते आणि त्याच्या भाराने पेटी खाली उतरते. वाळू वर खेचण्यासाठी ईड्स यांनी स्वतंत्र पंप तयार केला. फेब्रुवारी १८७० मध्ये पूर्वेकडील खांब पाण्याखाली सुमारे २८ मीटरवर खडकाला टेकला.

या खोलीची किंमत कामगारांनी मोजली. बाहेर आल्यावर त्यांना असह्य सांधेदुखी व पक्षाघात होऊ लागला आणि बारांहून अधिक जण दगावले. ईड्स यांचे वैद्य अल्फोन्स जॅमिने यांनाही हा विकार जडला. त्यानंतर त्यांनी कामाच्या पाळ्या लहान केल्या व दाब सावकाश उतरवण्यावर भर दिला. याहून खोल गेलेल्या पूर्व तीरावरील पायाच्या कामात एकच मृत्यू झाला. रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे हे या विकाराचे कारण पॉल बेर यांनी इ.स. १८७८ मध्ये मांडले. तोवर पूल वापरात आला होता.

४ जुलै, इ.स. १८७४ रोजी पुलाचे उद्घाटन झाले. नंतर ईड्स यांनी मिसिसिपीच्या मुखाशी बांध घालून जलमार्ग खोल केला. बहामा बेटांवरील नासाऊ येथे त्यांचे निधन झाले.