तलवारीकडून तंबोऱ्याकडे

मिरजेचे फरीदसाहेब मूळचे शिकलगार. शस्त्रांना धार लावणे हा घराण्याचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अंमल स्थिरावला, लढाया थांबल्या आणि तलवारींबरोबर शिकलगारांचा रोजगारही गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या संस्थानात, फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर परिसरातील भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून सतार, तंबोरा आकारास येऊ लागला. धारेला सरावलेला हात घोडीवर जवारी काढू लागला. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि गाव गायनाचेही केंद्र बनले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पोटासाठी शोधलेल्या त्या वाटेवर सतारमेकर आडनावाची कुटुंबे आजही आहेत.