मक्याचा जाणकार, वर्ध्याचा माणूस

शेतकरी बंधूंनो, पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव ऐकलंय का? माणूस आपल्या वर्ध्याचा. इंग्रजांशी लढायचं म्हणून तरुणपणीच देश सोडला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत उतरले. परतीची वाट बंद झाल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिको गाठलं. तिथं चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच राहिलेलं! ज्या देशासाठी घर सोडलं, तिथंच यायला आधी परवानगी नाकारली गेली. पुढे ती मिळाली. १९५० च्या दशकात ते बेल्जियन पत्नीसह नागपुरात येऊन राहिले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचं निधन झालं.

तेव्हा मंडळी, बाहेर शिकून कुणी गावी परतला, तर त्याला काय येतं ते आधी विचारा. कागदपत्रं मागाहूनही बघता येतील.