पुराव्यानिशी बोलणारे संपादक

दरवर्षी ३१ जानेवारीला आपण मूकनायक दिन साजरा करतो. नागपुरातल्या वस्त्या-वस्त्यांत कार्यक्रम होतात, प्रतिमेला हार घातला जातो, पत्रकार बाबासाहेबांवर भाषणे होतात. त्यांची लेखणी किती धारदार होती हे प्रत्येक वक्ता सांगतो. ही लेखणी हातात घेण्यापूर्वी बाबासाहेब काय करीत, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. ते कागद वाचीत. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, खानेसुमारीचे तक्ते, कौन्सिलचे ठराव, कोर्टाचे निकाल वाचीत. मी व्यवसायाने वकील आहे. पुराव्याच्या कागदाशिवाय खटला उभा राहत नाही, हे मला रोज अनुभवायला मिळते. म्हणून बाबासाहेबांच्या जीवनाची ही बाजू आज मांडाविशी वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना वडील सुभेदार रामजींनी वाचनाची गोडी लावली. १९१२ साली ते बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यावर प्रबंध लिहिला. राज्य करणाऱ्याने रयतेकडून किती घेतले आणि रयतेसाठी किती खर्चिले, हा हिशेब मांडायला ते विद्यार्थिदशेतच शिकले. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यासाठी १८३३ पासूनच्या जमाखर्चाचा मागोवा घेतला. हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आला होता. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आणि इंडिया ऑफिसच्या दप्तरात सकाळी जाऊन बसणारा आणि दार बंद होईपर्यंत न उठणारा हा विद्यार्थी अर्धपोटी राहत असे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला स्पर्श करू दिला नाही, त्या समाजाचा एक तरुण साम्राज्याचे हिशेब तपासत होता. यातच पुढची सारी पत्रकारिता आली.

१९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी लोकसंख्येच्या आकड्यांसह मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. प्रस्थापितांची वृत्तपत्रे आपली बाजू छापणार नाहीत, हे पहिल्याच पावलाला स्पष्ट झाले. त्याच वर्षी मेअखेर आपल्या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली आणि विदर्भाच्या जनतेने या तरुण पुढाऱ्याला जवळून पाहिले. त्यानंतर ते उरलेल्या शिक्षणासाठी लंडनला गेले.

परत आल्यावर १९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलमध्ये बसले. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी कोणापुढे पदर पसरला नाही. त्यांनी शिक्षण खात्याचेच आकडे सभागृहापुढे ठेवले. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची मुले ११९, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागासवर्गाची अवघी १८! पहिल्या इयत्तेत बसलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात तीही अठराच. सरकार माणशी शिक्षणावर जेवढे खर्च करते त्याहून जास्त दारूच्या उत्पन्नातून त्याच माणसाकडून काढून घेते, हेही त्यांनी सरकारी जमाखर्चातूनच दाखवून दिले. मंत्र्यांना या आकड्यांवर तोंड उघडता येणार नव्हते, कारण आकडे त्यांच्याच खात्याचे होते. हीच बाबासाहेबांची युक्ती होती. विरोधकाच्या कपाटातला कागद काढायचा आणि त्याच्याच टेबलावर ठेवायचा.

त्यानंतर आठवडाभरातच महाड घडले. चवदार तळ्याचा संगर आपण पाण्याचा संगर म्हणून ओळखतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या बुडाशी कागद होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलने मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात पडून होता आणि तळ्यावर जाण्याची हिंमत कोणी केली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांना घेऊन तळ्यावर गेले आणि तो ठराव दप्तरातून काढून जमिनीवर आणला. पंधरा दिवसांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्यात महाडच्या प्रसंगाची हकीकत आणि तिच्यामागचा हक्क क्रमवार मांडला गेला. या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. गावोगावच्या जुलमाच्या बातम्या वाचक पाठवीत आणि त्या तिथे छापल्या जात.

सनातन्यांनी नगरपालिकेकडून तो ठराव मागे घेवविला. १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा लावला आणि तळे खासगी मालकीचे असल्याचा कांगावा करून दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण कोर्टाचा हुकूम असल्यामुळे बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबविला. सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारोंना हे समजावणे सोपे नव्हते. मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, दावा मात्र चालूच राहिला. बाबासाहेब त्या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सनातन्यांना सिद्ध करता आली नाही. त्या ओंजळभर पाण्याला कायद्याची मोहर लागायला दहा वर्षे गेली. बातमी एका दिवसात छापून होते, पण तिचा पाठपुरावा दहा वर्षे करावा लागतो, हा धडा पत्रकाराने महाडवरून घ्यावा.

केवळ कागद वाचूनही भागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. १९२९ साली खानदेशात फिरताना चाळीसगावजवळच्या एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करायला ते थांबले. स्टेशनवरचे टांगेवाले अस्पृश्याला घेऊन जायला तयार नव्हते. म्हणून आपल्याच एका माणसाने, सवय नसताना, टांगा हाकला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर, कौन्सिलचा सभासद, सरकारी समितीचा सदस्य. तरी बहिष्काराची चौकशी करायला गेलेला माणूस स्वतःच त्याच बहिष्काराचा बळी ठरला. आज टेबलावर बसून फोनवरून बातमी लिहिणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

१९३२ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीचे काम चालू असताना एक अजब प्रकार घडला. अस्पृश्यांना लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधित्व मिळणार असे दिसताच अनेक प्रांतांतून आमच्याकडे अस्पृश्य फार थोडे आहेत, जवळजवळ नाहीतच, असे सांगणे सुरू झाले. शिवताना विटाळ होणारा माणूस मोजताना दिसेनासा झाला! बाबासाहेबांनी खानेसुमारीचे अहवाल पुढे ओढले. १९११ च्या खानेसुमारीत हिंदूंमधील वेगळे गट ओळखण्यासाठी दहा कसोट्या लावल्या होत्या. देवळात प्रवेश आहे की नाही, ब्राह्मण पुरोहित मिळतो की नाही, स्पर्शाने विटाळ मानतात की नाही, अशा त्या कसोट्या होत्या. त्या आधारे त्यांनी संख्येची लपवाछपवी उघडी पाडली. समाजाला मोजायचे कोणी आणि कसे, यावर त्याचे हक्क ठरतात. आज जातनिहाय जनगणनेवर जो वाद होतो, त्याचे मूळ तिथे आहे.

१९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा त्यांनी ग्रंथरूपाने झाडा घेतला. टिळक स्वराज्य फंडात कोटीच्या वर रुपये जमले. अस्पृश्यांच्या वाट्याला आले ४३,३८१ रुपये. १९३७ च्या निवडणुकीत अस्पृश्यांच्या १५१ राखीव जागांपैकी ७८ काँग्रेसने जिंकल्या आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी आम्हीच असा डांगोरा पिटला. बाबासाहेबांनी मतदानाचे तक्ते उघडून, या जागा कोणाच्या मतांवर जिंकल्या गेल्या ते तपासले. त्यांच्या निष्कर्षाशी कोणी वाद घालावा, पण त्यासाठी त्यालाही तेच तक्ते उघडावे लागतील.

१९४२ च्या जुलैत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सत्तेत गेल्यावरही सवय सुटली नाही. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. मजुरांच्या वेतनाची, घरांची आणि कामाच्या स्थितीची देशभर पाहणी करणारी रेगे समिती १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत नेमली गेली. आधी माहिती, मग धोरण, असा त्यांचा क्रम होता.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. १४ ऑक्टोबरला याच नागपूरच्या भूमीवर त्यांनी आपल्याला धम्म दिला. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नागपूरजवळच्या चिचोलीत, शांतिवनात, त्यांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. त्यात टंकयंत्रही आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारे बांधव ते पाहून हात जोडतात. हात जोडून झाल्यावर त्या यंत्रावर उतरलेला प्रत्येक शब्द किती कागद वाचून उतरला असेल, याचाही विचार व्हावा.

वाचकहो, हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. आपली दैनिके तुटपुंज्या साधनांवर, कार्यकर्त्यांच्या घामावर चालतात. आपले बातमीदार विनामोबदला किंवा अल्प मानधनावर धावतात. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही; पण त्यांना शिकवले कोणी? काही वर्षांपूर्वी एका गावातील बहिष्काराच्या प्रकरणात मी पीडितांचा वकील होतो. आपल्याच एका पत्रात शेकडो कुटुंबांवर बहिष्कार असे छापून आले. ग्रामपंचायतीच्या नोंदीप्रमाणे वस्तीत घरे होती सतरा. सतरा घरांचा बहिष्कार हाही भयंकर गुन्हाच होता, पण अधिकाऱ्यांनी त्या एका चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून सगळी तक्रारच अतिरंजित ठरवली. मला ती बातमी लिहिणाऱ्या पोराचा राग आला नाही. त्याला नोंद कुठे पाहायची हे आम्हीच कधी सांगितले नव्हते.

२९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आठवा. एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक दिवस तिच्याकडे जातीय अत्याचार म्हणून पाहिलेच नाही. आपले कार्यकर्ते गावात गेले, कागद मिळविले, प्रश्न विचारले, म्हणून देश जागा झाला. तरीही २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटी कायदा टिकला नाही. जात हेच कारण होते हे आपल्याला मनोमन माहीत असते. न्यायालयाला ते पहिल्या दिवसापासून कागदावर यावे लागते.

बाबासाहेबांना दप्तरासाठी लंडन गाठावे लागले. आपल्या हातात २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, न दिल्यास अपील करता येते आणि राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची वर्षातून दोनदा व्हायला हवी. या बैठकांची इतिवृत्ते आपल्यापैकी किती बातमीदारांनी मागितली? २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जाती सुमारे ११.८ टक्के. त्या प्रमाणात निधी ठेवला का, ठेवला तर खर्च झाला का, की दुसरीकडे वळविला? हे अंदाजपत्रकात आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालात शोधता येते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल करून व्यक्तिगत माहितीच्या नावाखाली नकार देण्याची वाट रुंद केली आहे. तरी त्याच कलमाच्या पोटकलम २ मधील व्यापक जनहिताचा मुद्दा शाबूत आहे. तो अर्जात कसा लिहायचा, हे शिकवावे लागेल.

त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहू नये. आपल्या विहारांत रविवारी वंदनेनंतर दोन तास द्यावेत. एक वकील, एक निवृत्त महसूल कर्मचारी, एक हिशेब जाणणारा आणि दहा तरुण बातमीदार बसावेत. एका रविवारी सातबारा आणि फेरफार वाचावा, दुसऱ्या रविवारी एफआयआर आणि दोषारोपपत्र, तिसऱ्या रविवारी अंदाजपत्रक. प्रत्येकाने महिन्याला एक अर्ज टाकावा आणि आलेले उत्तर सर्वांसमोर वाचावे. बातमी छापण्यापूर्वी प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे लिहिण्याची सवय लावावी. मी माझे दोन तास द्यायला तयार आहे. नागपुरात आपल्या समाजाचे शेकडो वकील आहेत, त्यांनीही द्यावेत.

पुढच्या ३१ जानेवारीला हाराबरोबर माहिती अधिकारात मिळालेली एक सही-शिक्क्याची नक्कल प्रतिमेपुढे ठेवता आली, तर तो मूकनायक दिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे मी समजेन.

जयभीम!