महाराणी ताराराणी

ताराराणींचा जन्म १६७५ साली झाला. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील. ते कराडजवळच्या तळबीडचे. शिवाजी महाराज त्यांचे सासरे.

२ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज वारले. तेव्हा ताराराणी अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. मुलगा चार वर्षांचा. औरंगजेब बादशहाची फौज साताऱ्याला वेढा घालून बसलेली. पण ताराराणी रडत बसल्या नाहीत. त्यांनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. बादशहा किल्ला घ्यायचा, पुढं गेला की मराठे तो परत घ्यायचे. असे सात वर्षे चालले. १७०७ साली बादशहा अहमदनगरजवळ मेला. राज्य वाचले.

इंग्लंडच्या गादीवर ॲन राणी १७०२ साली बसली. म्हणजे आपल्या राणीने दोन वर्षे आधीच कारभार घेतला होता!

कोल्हापूरची गादी ताराराणींनीच स्थापन केली. १७६१ साली त्या साताऱ्यात वारल्या. कोल्हापूरला कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे.

मी वर्गाची मॉनिटर झाले तेव्हा काही मुले म्हणाली की मुलीचे ऐकायचे नाही. त्यांनी हे जरूर वाचावे.

इयत्ता चौथी