लेडी डफरीन बाईंचे चरित्र

कुर्डुवाडीकडील मंडळ्यांतील जे कोणी कामानिमित्त सोलापुरास जातात, त्यांस तेथील डफरीन चौक ठाऊक आहे. ते नाव कोणाचे असे विचारिले तर मात्र पुष्कळ जण गप्प राहतील. लॉर्ड डफरीन हे १८८४ पासून १८८८ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते खरे. परंतु आमच्या मते हे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते त्यांच्या पत्नीच्या फंडामुळे. म्हणून त्या बाईंची हकीकत आम्ही येथे देत आहो.

हॅरिअट जॉर्जिना रोवन-हॅमिल्टन यांचा जन्म १८४३ साली उत्तर आयर्लंडातील किलिले येथे झाला. १८६२ साली लॉर्ड डफरीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पतीच्या हुद्द्यांबरोबर त्या कॅनडा, रशिया व तुर्कस्थान हे देश फिरल्या.

ज्या कार्यासाठी त्यांची आठवण राहिली, त्याचे मूळ एका मिशनरी बाईच्या हातून पडले. लखनौ येथे काम करणाऱ्या एलिझाबेथ बीलबी यांस १८८१ साली बुंदेलखंडातील पन्ना संस्थानच्या आजारी महाराणीस पाहण्यास बोलाविणे आले. महाराणीस बरे वाटल्यावर तिने एकच मागणे केले: विलायतेस गेल्यावर राणीसाहेबांस सांगा की, पडद्यातील बाया दुखण्यात व बाळंतपणात औषधावाचून मरतात. हा निरोप एका लहान लॉकेटात घालून दिला होता असे सांगतात. बीलबीबाईंनी तो व्हिक्टोरिया राणीस पोहोचविला. आणि १८८४ साली लेडी डफरीन इकडे निघाल्या तेव्हा राणीने हे काम त्यांच्यावर सोपविले.

१८८५ साली फंड सुरू झाला. संस्थानिक, सरदार व व्यापारी यांजकडून वर्गण्या जमविल्या. प्रत्येक इलाख्याच्या शाखेने आपला हिशेब आपण ठेवावा असे ठरले. पैसा तीन कामी लावावयाचा होता: मुलींस डॉक्टरी शिक्षणासाठी वेतने, बायांची इस्पितळे व दवाखाने, आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी पुरविणे. येथे हेही सांगितले पाहिजे की, मुंबईकरांनी या कामात आधीच पाऊल टाकिले होते. किट्रिज नामक अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली यांनी वर्गणी जमवून १८८३ साली डॉक्टर ईडिथ पीची यांस विलायतेहून आणविले, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभारिलेले बायांचे इस्पितळ १८८६ साली उघडले.

फंडाच्या पगारावरील कोणी धर्मोपदेश करू नये, असा नियम होता. ज्या कामाची पहिली हाक एका मिशनरी बाईने पोहोचविली, त्यातच ही मनाई, हे पुष्कळ मिशनरींस खुपले. आम्हांस मात्र तो नियम योग्य वाटतो. धर्म बुडेल या भयाने जी सासू सुनेस दाराबाहेर काढीत नाही, तिचे भय प्रथम गेले पाहिजे. अडलेल्या बाईस वाट पाहण्यास वेळ नसतो.

दोष दुसरीकडे होता. फंडाचा पैसा बहुतेक शहरांत राहिला. माढे तालुक्यातील एखाद्या वस्तीवर बाई अडली, तर जवळ कोण? तीच परंपरेची सुईण, तोच विळा, तोच धुराने भरलेला काळोख. आमच्या येथून बार्शीस धाकटी आगगाडी सुद्धा १८९७ सालीच सुरू झाली. त्यापूर्वी बैलगाडीवाचून गती नव्हती. गावच्या सुइणींस शिकविल्यावाचून हे बदलणार नाही, हे कळण्यास वेळ लागला. १९०३ साली लेडी कर्झन यांनी त्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावे निराळा फंड काढिला, आणि फंडाच्या देखरेखीखाली स्त्री-डॉक्टरांची नियमित नोकरी १९१४ साली सुरू झाली.

१८८८ च्या अखेरीस लेडी डफरीन स्वदेशी परतल्या. त्यापूर्वी तीन वर्षांच्या कामाचा वृत्तांत त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केला होता. पुढे दुःखे पुष्कळ आली. थोरला मुलगा १९०० साली दक्षिण आफ्रिकेच्या लढाईत पडला, व १९०२ साली पतीही गेले. बाईंस मात्र दीर्घायुष्य लाभले. १९३६ च्या आक्टोबरात, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्या वारल्या.