जेम्स ब्रेडवुड : ज्याच्या मृत्यूनंतर सरकारला अग्निशमन दलाच्या खर्चात वाटा उचलावा लागला

२२ जून १८६१. शनिवारची संध्याकाळ. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर टूली स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या गोदामांना आग लागली होती. ताग, कापूस, साखर, तांदूळ आणि चरबीची हजारो पिंपे त्या गोदामांमध्ये ठासून भरलेली होती. आग विझवणाऱ्या जवानांचा साठीतला प्रमुख एका अरुंद गल्लीत उभा राहून थकलेल्या माणसांना घोटभर ब्रँडी देत होता. तेवढ्यात समोरची भिंत फुगली आणि कोसळली. प्रमुख आणि त्याच्यासोबतचा एक जवान ढिगाऱ्याखाली जागच्या जागी गेले.

त्या प्रमुखाचे नाव जेम्स ब्रेडवुड. अग्निशमनाचे शिस्तबद्ध शास्त्र उभे करणाऱ्यांमध्ये त्याचे नाव अगदी वर घेतले जाते. पण त्याच्या आयुष्याला आणखी एक बाजू आहे. लाखो माणसांच्या शहराला वाचवणारा हा माणूस सरकारचा नोकर नव्हता आणि नगरपालिकेचाही नव्हता. त्याचा आणि त्याच्या जवानांचा पगार विमा कंपन्या देत होत्या. अग्निशमन दलातल्या माणसांचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न लंडनने अनेक वर्षे टाळला होता. ब्रेडवुड गेल्यावर तो टाळणे शक्य राहिले नाही.

एडिनबराचा चोवीस वर्षांचा प्रमुख

ब्रेडवुडचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. वडिलांचा व्यवसाय लाकूडकामाचा आणि बांधकामाचा. शिक्षण झाल्यावर जेम्सनेही इमारतींच्या मोजणीचे आणि बांधकामाचे काम शिकून घेतले. भिंत कशी उभी राहते, तुळई कुठे टेकते, जिना जळाला की वरचा मजला किती वेळ तग धरतो, हे त्याला चांगले कळत होते. पुढे आयुष्यभर हेच ज्ञान त्याच्या कामी आले.

त्या काळात एडिनबरामध्ये सात-आठ मजली जुन्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या. विमा कंपन्यांकडे आपापले पंप होते, पण आग लागली की कोण कोणाचे ऐकणार हे ठरलेले नसायचे. १८२४ मध्ये शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने आणि विमा कंपन्यांनी मिळून खर्च उचलायचे ठरवले आणि एक संयुक्त दल उभे केले. नगरपालिकेच्या पातळीवरचे ब्रिटनमधले पहिले संघटित अग्निशमन दल म्हणून ते ओळखले जाते. त्याचा प्रमुख म्हणून निवड झाली ती अवघ्या चोवीस वर्षांच्या ब्रेडवुडची.

नेमणुकीला काही आठवडेच झाले होते. माणसे अजून नीट तयारही झाली नव्हती. अशातच नोव्हेंबर १८२४ मध्ये शहराच्या जुन्या भागात भीषण आग लागली. ती अनेक दिवस धुमसत राहिली. शेकडो कुटुंबे बेघर झाली. घटनास्थळी दंडाधिकारी, सरदार, विमा कंपन्यांची माणसे, सगळेच हुकूम सोडत होते आणि बंबवाल्यांना कोणाचे ऐकावे ते कळत नव्हते. चौकशीनंतर नियम बदलला. आगीच्या जागी शेवटचा शब्द दलाच्या प्रमुखाचा राहील, असे ठरले.

ब्रेडवुडने माणसे निवडली ती विचार करून. गवंडी, सुतार, छपरावर काम करणारे, लोहार, नळकाम करणारे अशा कारागिरांना त्याने घेतले. ही माणसे आपापला धंदा सांभाळून दलात काम करायची. त्यांचा सराव भल्या पहाटे व्हायचा. एक तर तेव्हा रस्ते रिकामे असत, आणि दुसरे म्हणजे अंधारात काम करायची सवय लागे. रस्त्यावर उभे राहून खिडकीत पाणी मारण्यापेक्षा इमारतीत शिरून थेट आगीच्या मुळावर पाणी मारायचे, ही त्याची पद्धत. एकट्याने आत जायचे नाही, सोबत दुसरा जवान हवाच, हाही त्याचा नियम. १८३० मध्ये त्याने अग्निशमन यंत्रे आणि जवानांचे प्रशिक्षण या विषयावर पुस्तक लिहिले. इंग्रजीत या विषयावरचे असे पुस्तक त्याआधी नव्हते. त्या पुस्तकामुळे त्याचे नाव लंडनपर्यंत पोहोचले.

लंडनमध्ये आग विझवायची कोणी?

लंडनची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय ब्रेडवुडचे पुढचे आयुष्य समजत नाही.

१६६६ च्या महाभयंकर आगीनंतर लंडनमध्ये आगीचा विमा सुरू झाला. विमा उतरवलेले घर जळाले तर भरपाई कंपनीला द्यावी लागणार. मग आग लवकर विझवण्यात कंपनीचाच फायदा. म्हणून कंपन्यांनी आपापले बंबवाले ठेवले. ज्या घराचा विमा असेल त्याच्या भिंतीवर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकला जाई. बिल्ला नसेल तर बंबवाले घर जळू देत, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा मात्र नाही. शेजारचे विमा नसलेले घर पेटत राहिले तर आपले घरही जाणार, हे कंपन्यांना कळत होते.

सरकारी बाजूने जबाबदारी होती ती पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे पाडलेल्या स्थानिक विभागांची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला पंप ठेवणे बंधनकारक केले होते. आगीच्या ठिकाणी पहिला पोहोचणाऱ्या पंपाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असे बक्षीस होते. कायद्याने पंप विकत घेतले गेले, पण ते चालवायला कायमची पगारी माणसे ठेवली गेली नाहीत. परिणामी बरेच पंप कुलपात गंजत पडले. ऐन वेळी किल्ली कोणाकडे आहे ते शोधावे लागे.

१८३३ च्या सुरुवातीला लंडनमधल्या दहा विमा कंपन्यांनी आपली दले एकत्र केली आणि ‘लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट’ ही संस्था स्थापन केली. तिच्या प्रमुखपदी ब्रेडवुडला बोलावले गेले. हाताखाली पूर्णवेळ माणसे होती फक्त ८०.

इथे त्याने निवडीचे निकष बदलले. लंडनमध्ये पूर्णवेळ माणसे हवी होती, म्हणून त्याचा कल खलाशांकडे होता. रात्री-अपरात्री जागता पहारा, उंचावर चढणे, दोरखंड हाताळणे आणि हुकूम मिळताच तो पाळणे, हे सगळे त्यांच्या अंगवळणी पडलेले असे. जवान ठाण्यातच किंवा ठाण्याजवळ राहत आणि जवळजवळ चोवीस तास कामाला बांधलेले असत.

तरीही माणसे पुरत नसत. हातपंप चालवायला एका वेळी वीस-तीस जणांचे बळ लागे. ते बळ जमलेल्या बघ्यांमधून भाड्याने घेतले जाई. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स आणि वर बीअर. बीअर वेळेवर आली नाही की पंप थांबत. वाफेवर चालणारे पंप उपलब्ध झाले होते, पण ब्रेडवुडने ते बरीच वर्षे दूर ठेवले. लांबून जोराचा फवारा मारता येऊ लागला तर जवान आगीच्या जवळ जायचे सोडतील, अशी त्याला भीती वाटत होती. वाफेचा पहिला बंब संस्थेत आला तो १८६० मध्ये.

संसद जळाली, तरी सरकार हलले नाही

१६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री खुद्द ब्रिटिश संसदेची इमारत पेटली. हिशेबाच्या जुन्या लाकडी काड्या भट्टीत जाळताना ती आग लागली होती. ब्रेडवुड १२ पंप आणि ६४ जवान घेऊन पोहोचला. संसदेची इमारत विमा कंपन्यांच्या जबाबदारीत येत नव्हती, तरी ते आले. बहुतेक इमारत वाचणार नाही हे ओळखून त्याने आपले बळ वेस्टमिन्स्टर हॉल या मध्ययुगीन सभागृहाभोवती लावले. ते वाचले आणि आजही उभे आहे.

या आगीनंतर अग्निशमन ही सरकारची जबाबदारी असावी, अशी मागणी झाली. पण काही घडले नाही. विमा कंपन्या काम करतच आहेत, मग तिजोरीतून पैसे कशाला, असा सोयीस्कर विचार टिकून राहिला.

दरम्यान शहर वाढत होते. नदीकाठी पाच-सहा मजली गोदामे उभी राहत होती. ब्रेडवुडने अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचून या इमारतींचा धोका मांडला. ओतीव लोखंडाचे खांब तापल्यावर आणि त्यांच्यावर पाणी पडल्यावर फुटतात, त्यामुळे त्यांना अग्निरोधक समजू नये, असे त्याचे म्हणणे होते. मोठ्या गोदामांच्या मधोमध भिंती आणि लोखंडी दारे हवीत, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या मृत्यूच्या वेळी दलाची संख्या शंभराच्या थोडी वर गेली होती. लंडनची लोकसंख्या तेव्हा २८ लाखांच्या आसपास होती.

टूली स्ट्रीट

त्या जूनच्या संध्याकाळी ब्रेडवुडला ज्याची भीती होती तेच घडले. गोदामांमधली लोखंडी दारे उघडीच राहिली होती आणि आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सहज पसरली. ओहोटीमुळे थेम्सचे पाणी खाली गेले होते, त्यामुळे नदीतल्या तरत्या बंबांना सुरुवातीला पुरेसे पाणी ओढता येईना. वितळलेली चरबी पेटत्या अवस्थेत नदीवर वाहू लागली.

ब्रेडवुडचा मृतदेह हाती यायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला. आग पूर्ण विझायला दोन आठवडे गेले. नुकसानीचा अंदाज सुमारे २० लाख पौंडांचा होता. २९ जूनला त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तिची लांबी दीड मैल होती. रस्त्यांच्या दुतर्फा लोक उभे होते आणि चर्चच्या घंटा वाजत होत्या. अ‍ॅबनी पार्क दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

मग पैसे कोण देणार?

भरपाईच्या रकमा पाहून विमा कंपन्या हादरल्या. त्यांनी हप्ते वाढवले, त्यावर व्यापारी संतापले. १८६२ मध्ये कंपन्यांनी सरकारला कळवले की संपूर्ण राजधानीच्या अग्निशमनाचा भार यापुढे आम्ही वाहणार नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. विमा न उतरवणाऱ्यांची घरे आणि सरकारच्या इमारतीही आमचेच जवान वाचवतात, मग खर्च फक्त आमच्या ग्राहकांनी का सोसायचा?

संसदेने समिती नेमली. चर्चा झाली, मसुदे झाले आणि १८६५ मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १८६६ पासून ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड’ हे सार्वजनिक दल सुरू झाले. त्याच्या पैशांची सोय तीन ठिकाणांहून करण्यात आली :

१. स्थानिक कर : मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर दर पौंडामागे अर्धा पेनी. तेव्हा एका पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे १०० पौंड मूल्याच्या मालमत्तेला वर्षाला जेमतेम चार शिलिंग दोन पेन्स.

२. विमा कंपन्या : लंडनमधल्या विमा उतरवलेल्या मालमत्तेच्या दर दहा लाख पौंडांमागे वर्षाला ३५ पौंड.

३. केंद्र सरकार : सरकारी इमारतींच्या संरक्षणापोटी वर्षाला १० हजार पौंडांचे अनुदान.

या सूत्रातला फरक लगेच लक्षात येतो. विमा वाढला की कंपन्यांचा वाटा आपोआप वाढणार होता. नव्या इमारती झाल्या की कराची रक्कमही वाढणार होती. सरकारचे १० हजार मात्र ठरीव रकमेचे होते. करालाही अर्ध्या पेनीची मर्यादा होती. त्यामुळे दल सार्वजनिक झाले तरी तंगी संपली नाही. ब्रेडवुडच्या जागी आलेला कॅप्टन आयर मॅसी शॉ पुढची जवळजवळ तीस वर्षे प्रमुख होता. आणखी जवान आणि आणखी ठाणी मिळावीत म्हणून त्याला मंडळाशी सतत झगडावे लागले.

ब्रेडवुडचे काय उरले?

आगीच्या मुळापर्यंत पोहोचणे, दोघांनी मिळून आत जाणे, घटनास्थळी एकाचाच हुकूम चालणे आणि रोजचा सराव या ब्रेडवुडच्या गोष्टी आज जगभरच्या दलांमध्ये गृहीत धरल्या जातात. टूली स्ट्रीटवर त्याच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा आहे. एडिनबराने २००८ मध्ये त्याचा पुतळा उभारला.

पैशांचा प्रश्न मात्र आजही त्याच रूपात समोर येतो. बंब एकदा विकत घेतला की दिसतो, त्याचे उद्घाटन होते. जवानाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि महिनाभर आग लागली नाही तर तो वाया गेल्यासारखा वाटतो. अमेरिकेत केंद्र सरकार ‘सेफर’ या योजनेतून स्थानिक दलांना जवान भरतीसाठी अनुदान देते. ते ठरावीक मुदतीचे असते आणि मुदत संपली की पुढचा पगार गावाला स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागतो. जुन्या लंडनच्या पॅरिशांनी पंप घेतले आणि माणसे ठेवली नाहीत. त्यांची उणीव ब्रेडवुडने मूठभर जवानांसह अठ्ठावीस वर्षे भरून काढली. त्या कामाची सार्वजनिक तिजोरीतून किंमत द्यायला सुरुवात झाली, ती तो गेल्यानंतर साडेचार वर्षांनी.