जखम मोठी, त्याचा क्रम पहिला : दोमिनिक लारे

मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत रात्रीच्या वेळी एक तक्रार हमखास ऐकू येते. हात कापलेला माणूस तासभर बाकावर बसून असतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत नंतर आलेला कुणी थेट आत नेला जातो. दाराशी उभी असलेली परिचारिका प्रत्येक येणाऱ्याचा श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि रक्तस्राव पाहून दोन-चार मिनिटांत ठरवते की, कुणाला तत्काळ आत घ्यायचे आणि कुणी थांबले तरी चालेल. तांबडा, पिवळा, हिरवा अशा रंगांनी ही वर्गवारी ओळखली जाते. वैद्यकात तिला ‘ट्रायाज’ म्हणतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे, वेगवेगळे करणे असा असून, लोकर आणि कॉफीच्या बियांची प्रतवारी करणारे व्यापारी हा शब्द वापरीत. रुग्णांच्या संदर्भात तो पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाला. मात्र त्यामागचे तत्त्व शंभर वर्षे आधीच एका लष्करी शल्यचिकित्सकाने रणांगणावर अमलात आणले होते, आणि तेही अशा सैन्यात, जिथे सेनापतीच्या ओरखड्याला शिपायाच्या तुटलेल्या पायापेक्षा अधिक किंमत होती. दोमिनिक जां लारे हे त्याचे नाव.

लारे यांचा जन्म 8 जुलै 1766 रोजी फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोदेआं या खेड्यात झाला. वडील चांभारकाम करीत. ते लवकर वारले आणि किशोरवयीन दोमिनिक पायी चालत तुलूझला काकांकडे गेला. काका तिथले नामांकित शल्यचिकित्सक होते. त्यांच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केल्यावर तो पॅरिसला आला. नौदलाची परीक्षा देऊन एका युद्धनौकेवर शल्यचिकित्सक म्हणून न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊनही आला. परंतु समुद्र त्याला मानवला नाही. परतल्यावर पॅरिसच्या ओतेल द्यू या जुन्या इस्पितळात देसो या श्रेष्ठ शल्यचिकित्सकाचे अध्यापन त्याला लाभले. तोवर राज्यक्रांतीला तोंड फुटले होते. 1792 मध्ये फ्रान्स युरोपातील राजसत्तांशी युद्धात उतरला, आणि लारे ऱ्हाईन नदीच्या आघाडीवर रुजू झाले.

तिथे त्यांनी जे पाहिले, ते त्या काळच्या कोणत्याही सैन्याला नवे नव्हते. जखमींना नेणाऱ्या गाड्या नियमाप्रमाणे सैन्याच्या बऱ्याच मागे, सुमारे एक कोस अंतरावर, उभ्या ठेवल्या जात. लढाई संपेपर्यंत त्या हलत नसत. जखमी माणूस पडल्या जागी चोवीस, कधी छत्तीस तास पडून राही, आणि गाडी येईतो बहुतेक वेळा तिचे प्रयोजनच उरलेले नसे. ज्याच्याजवळ घोडा, नोकर किंवा हुद्दा असेल तो मागे पोचे, बाकीच्यांचे नशीब. उपचारातील विलंब हाच सर्वांत मोठा मारेकरी आहे, हे लारे यांनी तेव्हाच ओळखले. हलक्या तोफा घोड्यांवर जुंपून क्षणात जागा बदलणारी तोफखान्याची नवी तुकडी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तोफ धावू शकते, तर इस्पितळ का नाही?

या विचारातून ‘उडती रुग्णवाहिका’ जन्मास आली. हलकी, बहुधा दोन चाकांची, दोन घोड्यांची बंदिस्त गाडी. दोन्ही बाजूंना हवेसाठी लहान खिडक्या. आतून गादीचे अस्तर. आणि जखमीला न हिंदकळता आत सरकवता यावे म्हणून चाकांवर फिरणारी तळफळी. डोंगराळ मुलुखासाठी चार चाकांची जड गाडी. गाडीइतकीच तिच्यासोबत येणारी माणसे महत्त्वाची होती. 1797 मध्ये इटलीत या पथकाला जे पूर्ण रूप आले, त्यात सुमारे 340 माणसे तीन विभागांत वाटलेली होती. त्यांत शल्यचिकित्सक, मलमपट्टी करणारे, सामान सांभाळणारे, घोड्यांची नाल ठोकणारे, अशी सगळी मंडळी होती. गोळागोळी चालू असतानाच हे पथक जखमीपर्यंत जाई, रक्त थांबवी आणि त्याला उचलून मागे आणी. त्याच काळात पर्सी या दुसऱ्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने शल्यचिकित्सकांनाच आघाडीवर नेणारी गाडी आणि पुढे डोलीवाल्यांची पथके उभी केली होती. दोघांचे श्रेय दोघांना द्यायला हवे. पण जखमीला आधी उचलायचे आणि मग क्रमाने पाहायचे, ही सलग व्यवस्था लारे यांची.

क्रमाचा प्रश्न इथेच उभा राहिला. गाड्या वेगाने जखमी आणू लागल्यावर शल्यचिकित्सकासमोर एकाच वेळी शेकडो माणसे पडलेली असत आणि हात मात्र मोजके. लारे यांनी आपल्या युद्धस्मृतींत जो नियम नोंदवला, तो साधा आहे : ज्याची जखम जिवावर बेतणारी, त्याच्याकडे सर्वप्रथम पाहावे, त्याचा हुद्दा कोणताही असो, त्याहून कमी जखमींनी या लोकांच्या शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबावे, आणि किरकोळ जखमींनी मागच्या इस्पितळाची वाट धरावी. अधिकाऱ्यांनी तर विशेषच, कारण त्यांच्याजवळ घोडे असतात. हा शेवटचा शेरा वाचताना त्यांच्या स्वभावातील कोरडा विनोद जाणवल्यावाचून राहत नाही. शत्रूच्या जखमींनाही हाच क्रम लागू होता. 1808-09 मध्ये स्पेनमध्ये आजारी इंग्रज कैद्यांवर उपचार करताना त्यांच्याकडूनच लारे यांना जीवघेणा ज्वर जडला होता.

या नियमाला शस्त्रक्रियेच्या बाजूनेही आधार होता. छिन्नभिन्न झालेला हातपाय ताबडतोब कापावा की जखमी सावरेपर्यंत काही दिवस थांबावे, हा त्या शतकातला मोठा वाद होता. लारे यांचा अनुभव स्पष्ट होता. पहिल्या चोवीस तासांत माणूस धक्क्याने अर्धवट बधिर असतो, जखमेत विष पसरलेले नसते. तेव्हाच कापले तर तो वाचण्याची शक्यता अधिक. ईथरने भूल देणे 1846 पर्यंत कुणाला ठाऊक नव्हते, आणि जंतुनाशनाची कल्पना त्याहून वीस वर्षे पुढची. रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या यातना कमी करण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे हाताचा वेग. खांद्याच्या सांध्यातून हात अलग करण्याची शस्त्रक्रिया ते काही मिनिटांत उरकीत. 1811 मध्ये पॅरिसमध्ये इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या स्तनाच्या गाठीवर शस्त्रक्रिया करणारे मुख्य शल्यचिकित्सक लारेच होते. संपूर्ण शुद्धीवर असलेल्या त्या बाईंनी पुढे बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो प्रसंग सविस्तर वर्णिला आहे, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या चेहऱ्यावरची वेदनाही तिच्या नजरेतून सुटलेली नाही. बर्नी त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगल्या.

1798 मध्ये नेपोलियन बोनापार्टबरोबर लारे इजिप्तला गेले. तिथल्या वाळूत गाड्यांची चाके रुतत, म्हणून उंटाच्या दोन्ही अंगांना पेट्या बांधून त्यांतून जखमी नेण्याची युक्ती त्यांनी काढली. पुढची सतरा वर्षे नेपोलियनच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेत ते होते. फेब्रुवारी 1807 मध्ये आयलाऊच्या लढाईत बर्फ पडत होते आणि सहाय्यकांच्या गारठलेल्या बोटांतून हत्यारे गळून पडत होती. रशियन घोडदळ अगदी जवळ आले तेव्हा जखमींत पळापळ सुरू झाली. लारे जागचे हलले नाहीत, म्हणून जखमीही थांबले. अतिथंडीने बधिर झालेल्या अवयवावर शस्त्रक्रिया केली तर वेदना कमी होते, ही त्यांची नोंद याच लढाईतली. 1809 मध्ये एसलिंगच्या लढाईत मार्शल लान, म्हणजे त्यांचे जवळचे स्नेही, तोफगोळ्याने जायबंदी झाले. लारे यांनी त्यांचा पाय कापला. नऊ दिवसांनी लान गेले. त्याच वेळी डॅन्यूबमधील लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकले होते आणि अन्न नव्हते. लारे यांनी घोडे कापवून त्यांचे सूप शिजवले. भांडी नव्हती म्हणून घोडेस्वारांची छातीवरची चिलखते वापरली आणि मीठ नव्हते म्हणून बंदुकीची दारू. घोडे ज्या अधिकाऱ्यांचे होते, त्यांनी अर्थातच तक्रार केली. त्याच वर्षी वाग्रामच्या लढाईनंतर लारे यांना बॅरन हा किताब मिळाला.

1812 च्या रशियन मोहिमेत, बोरोदिनोच्या लढाईनंतरच्या चोवीस तासांत त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे दोनशे अवयव कापले. परतीच्या वाटेवर, नोव्हेंबरात, बेरेझिना नदीवरच्या पुलावर जी चेंगराचेंगर झाली ती युरोपच्या स्मरणात कायमची राहिली. लारे उपकरणे आणण्यासाठी मागे फिरले होते आणि गर्दीत अडकले. शिपायांनी त्यांना ओळखले, आणि जी माणसे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी एकमेकांना तुडवीत होती, त्यांनी या ठेंगण्या शल्यचिकित्सकाला हातांवर उचलून डोक्यांवरून पुढे सरकवत पैलतीरी पोचवले. अंमलदारांच्या पानभर शिफारशींपेक्षा हे प्रमाणपत्र मोठे होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या नियमाची खरी कसोटी लागली, आणि ती शस्त्रक्रियेच्या मेजावर नव्हती. मे 1813 मध्ये ल्युत्झन आणि बाउत्झन येथील लढायांनंतर हाताला किंवा बोटांना जखम झालेल्या शिपायांची संख्या अवाजवी वाटावी इतकी मोठी होती. यांतले बरेच नुकतेच भरती केलेले कोवळे पोर होते. युद्धातून सुटका व्हावी म्हणून यांनी स्वतःच बोटे उडवून घेतली, असा आरोप वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी केला. नेपोलियनचा त्यावर विश्वास बसला. काहींना गोळ्या घालून इतरांना धडा शिकवावा, असे ठरू लागले. लारे यांनी हरकत घेतली. सम्राट संतापला, तरी अखेर शल्यचिकित्सकांचे एक मंडळ नेमून लारे यांना त्याचे प्रमुख केले गेले. ड्रेस्डेनमध्ये हजाराहून अधिक शिपायांचे हात एकेक करून तपासण्यात आले. जखमेची दिशा, गोळी शिरल्याची व बाहेर पडल्याची बाजू, दारूचा काळपट डाग आहे की नाही, प्रत्येकाची हकीकत, हे सर्व नोंदले गेले. निष्कर्ष निघाला की एकही शिपाई दोषी ठरत नाही. कवायतीचा पुरेसा सराव नसलेली ही मुले तीन रांगांत उभी राहून गोळीबार करीत होती, आणि मागच्या रांगेतल्या बंदुका पुढच्यांच्या उंचावलेल्या हातांवर सुटत होत्या. वर चढावर हल्ला करताना हात पुढे येत, हेही कारण होते. निष्कर्ष घेऊन लारे सम्राटासमोर गेले, तेव्हा आपली नोकरीच जाईल अशी त्यांची अपेक्षा असावी. नेपोलियनने अहवाल मान्य केला आणि त्याच दिवशी हिरेजडित तसबीर व वार्षिक निवृत्तिवेतन त्यांना पाठवले.

रुग्णाचे परीक्षण म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. आधी संशय, मग शिक्षा, हा दरबारी क्रम त्यांनी उलटा केला आणि जखम काय सांगते ते आधी पाहिले. एक विसंगती मात्र नमूद करायला हवी. पुढे युरोपच्या सैन्यांनी वर्गवारीची पद्धत उचलली तेव्हा तिचा हेतू कित्येकदा वेगळाच झाला. लवकर बरा होऊन पुन्हा बंदूक धरू शकेल अशा शिपायाला आधी बरे करायचे आणि मरणासन्नाला बाजूला ठेवायचे. आजही एखाद्या मोठ्या अपघातात, डॉक्टर थोडे आणि जखमी अनेक असतात तेव्हा, कोणाला सोडून द्यायचे हा निर्णय घ्यावाच लागतो. तो निर्णय क्रूर आहे आणि लारे यांच्या नियमात त्याचे पूर्ण उत्तर नाही. त्यांच्या नियमाने एक प्रश्न मात्र कायमचा बाद केला : हा माणूस कोणाचा कोण? मंत्र्याचा फोन येताच कॅज्युअल्टीची रांग मोडते, तेव्हा हा बाद झालेला प्रश्नच मागच्या दाराने आत येत असतो.

18 जून 1815 रोजी वॉटर्लूच्या मैदानावर धुराच्या लोटांतून लारे यांची पथके फिरताना ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दिसली आणि त्या दिशेने तोफा न डागण्याचा हुकूम त्याने दिला, असे सांगितले जाते. त्या रात्री लारे तलवारीचे वार खाऊन प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळी घालण्याचा हुकूम झाला. डोळ्यांवर पट्टी बांधायला आलेल्या शल्यचिकित्सकाने मात्र त्यांना ओळखले, कारण बर्लिनमध्ये तो त्यांच्या व्याख्यानांना बसला होता. प्रकरण सेनापती ब्ल्यूखरपर्यंत गेले. ब्ल्यूखरचा मुलगा पूर्वी जखमी अवस्थेत फ्रेंचांच्या हाती पडला होता आणि लारे यांनी त्याच्यावर उपचार केले होते. ते सुटले.

नेपोलियन गेल्यावर बूर्बों राजवटीत त्यांचे निवृत्तिवेतन काढून घेतले गेले. 1818 मध्ये ते परत मिळाले. पॅरिसच्या इस्पितळातले काम चालू राहिले. 1821 मध्ये सेंट हेलेना बेटावर मरण पावलेल्या नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांना एक लाख फ्रँक ठेवले, आणि आपल्या पाहण्यातला सर्वांत सदाचारी माणूस असा त्यांचा उल्लेख केला. डिसेंबर 1840 मध्ये सम्राटाचे अवशेष पॅरिसला आणले गेले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे लारे जुना गणवेश घालून कडाक्याच्या थंडीत शवयात्रेबरोबर पायी चालले.

1842 मध्ये ते मुलगा इपोलित याच्यासह अल्जेरियातील लष्करी इस्पितळांच्या पाहणीसाठी गेले. हा मुलगाही पुढे लष्करी शल्यचिकित्सक म्हणून नावारूपाला आला. परतताना लारे आजारी पडले आणि 25 जुलै रोजी लियाँ येथे त्यांचे निधन झाले. पत्नी शार्लोत, स्वतः चित्रकार, तीनच दिवस आधी वारली होती. ती वार्ता त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. योगायोगाने त्याच वर्षी गोव्यात पणजीला पोर्तुगीजांनी वैद्यकीय-शल्य विद्यालय स्थापन केले, ज्याची परंपरा आजच्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत येते. सैनिकांच्या सहवासात, इन्व्हालिदच्या आवारात विसावा मिळावा ही लारे यांची इच्छा त्या वेळी मान्य झाली नाही. त्यांना पेर लाशेझच्या दफनभूमीत ठेवण्यात आले. दीडशे वर्षांनी, 1992 च्या डिसेंबरात, त्यांचे अवशेष इन्व्हालिदमध्ये आणण्यात आले.